हनुवटीवरचं टेंगूळ

"हाडाची ही वाढ साधी आहे, वृषाली. कॅन्सर नाही," डॉक्टर कुंट्यांनी पुन्हा सांगितलं. "काही वर्षांनी आपोआप थांबेल. आत्ता तासायला गेलो तर शीर दुखावेल, हनुवटी कायमची बधिर होईल."

"होऊ दे. मला त्या हाडाचा काही त्रास नाही हो, डॉक्टर. पण घराचं फाटक मला ओळखत नाही."

शहरातून किल्ल्या केव्हाच गेल्या होत्या. घर, बस, दवाखाना, सगळं चेहरा पाहून उघडायचं, आणि चेहरा नोंदवायचा तो अठराव्या वर्षी, एकदाच. जबडा फुगत गेला तशी वृषालीला एकेक दार बंद होत गेलं. आताशा ती सासूबाईंच्या मागोमाग, चोरासारखी, स्वतःच्या घरात शिरायची. परवा सासूबाई तापाने निपचित पडल्या आणि ती दुपारभर फाटकाबाहेर उभी राहिली. आत तिची लहानगी कुहू रडून रडून झोपून गेली.

शेवटी डॉक्टरांनी हाड तासलं, अगदी नोंदीतल्या चेहऱ्याबरहुकूम. टाके निघाले त्या दिवशी फाटक झटकन उघडलं. "या, वृषालीताई," असंही म्हणालं.

कुहू धावत आली आणि थबकली. आईचा हा चेहरा तिने जन्मात पाहिला नव्हता. वृषालीने तिला उचलून छातीशी धरलं. पोर रोज ते टेंगूळ मुठीत धरूनच झोपायची. आताही तिचा हात सवयीने आईच्या हनुवटीवर गेला, चाचपडत राहिला, आणि मग तिने भोकाड पसरलं.

"ही नको! आजी, माझी आई कुठाय?"

हनुवटीवरचा तो इवलासा हात वृषालीला दाराजवळच्या आरशात दिसला, म्हणूनच कळला.