मोझेसचं पाणी

"शेवगावकडे एक बाई आहे," देवकुळे सर म्हणाले, आणि बी.ए.च्या वर्गात खिडकीशी बसलेल्या हन्नाच्या काळजात चर्र झालं.

शेवगावकडे बायका काय कमी आहेत? तिनं स्वतःला समजावलं. सर शिकवायचे इंग्रजीत, पण उदाहरण आलं की मराठीवर यायचे. पेंगणारा वर्ग तेवढ्यापुरता जागा व्हायचा. मानसशास्त्रात मुलांच्या मनाचं झालं होतं, गर्दीच्या मनाचं झालं होतं, कारखान्यातल्या कामगारांचंसुद्धा झालं होतं. आज बिघडलेल्या मनाची पाळी होती.

"हिचा मुलगा पलटणीबरोबर बर्माला गेला. लढाई संपली, स्वराज्य आलं, हा काही आला नाही. ना पत्र, ना निरोप. तर ही बाई रोज संध्याकाळी, नगरची मोटार यायच्या वेळेला, त्याच्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवते."

आता समजावण्यासारखं काही उरलं नाही. ती बाई म्हणजे मरियाबाई, हन्नाची आई. तो मुलगा म्हणजे तिचा थोरला भाऊ मोझेस. हन्नानं हे जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं. नाताळच्या सुटीआधी सरांनी तिला थांबवून घेतलं होतं. हल्ली तुझं लक्ष नसतं, घरी काही आहे का, असं अगदी मायेनं विचारलं होतं. तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. आईवर काही इलाज असला तर तेवढा तिला हवा होता. "हे आपल्या दोघांतच राहील," सर म्हणाले होते. इलाज राहिला बाजूला. गोड बोलून काढून घेतलं आणि भर वर्गात मांडलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मग त्या पाण्याचं पुढं काय होतं, सर?" मागच्या बाकावरून शामकांतनं विचारलं.

"मोटारीतून मुलगा उतरत नाही. मग बाई म्हणते, तापलेलं पाणी वाया कशाला घालवायचं? आणि मुलगी घरी असली की तिला आंघोळीला बसवते."

"म्हणजे पोरगी तरी दोन वेळा स्वच्छ."

वर्ग खो खो हसला. सरही गालातल्या गालात हसले. हन्नाच्या शेजारी तिची मैत्रीण प्रेमला होती. तिनं हसता हसता हन्नाकडे वळून पाहिलं. हन्ना शेवगावची, हे तिला माहीत होतं. आता हिच्या लक्षात येणार, उद्या सगळ्या कॉलेजभर होणार. हन्नाला दुसरं काही सुचलंच नाही. तोंडाला पदर लावून तीही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. प्रेमलानं मान फिरवली.

तास संपला तशी हन्ना तरातरा व्हरांड्यात आली. सरांना गाठायचं आणि तोंडावर विचारायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.

वर्गाच्या खिडकीखाली, भिंतीला टेकून मरियाबाई बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, शेंगांची चटणी होती. सकाळच्या मोटारीनं शेवगावहून आली होती बिचारी. लेकीचा तास मोडायला नको, म्हणून तिथंच बसून राहिली होती.

"आई, तू कधी आलीस?"

"झाला की लई येळ."

हन्नानं वर पाहिलं. खिडकी सताड उघडी होती.

"आई, मी सोडणार नाही त्यांना," ती म्हणाली. "मी विश्वासानं सांगितलं होतं गं. त्यांनी दगा दिला मला."

मरियाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. भाकरीचं फडकं तिनं लेकीच्या हातात दिलं, तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

"मास्तरचं काय, त्यो परका मानूस. जाऊ दे त्येला," ती म्हणाली. "पर मोझेस गेल्यापासनं घरात तुझं हसनं ऐकलं न्हवतं बघ. आज इतक्या पोरांत मला लगेच वळखू आलं."