म्हशीच्या वाटणीचं पीठ

रोहिणी वजनकाट्यावरून उतरली, तशा अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "सातवा लागला तरी वजन वाढंना. सुकडीच्या पिठाचं पाकीट खातेस ना?"

"खाते की," रोहिणी म्हणाली.

खरं तर पाकीट घरी नेलं की सासू हुंगून बघायची. "कडू वास मारतोय गं, पोटातल्याला बाधंल," असं म्हणून म्हशीच्या आंबोणात मिसळायला गोठ्याकडं न्यायची. आईवेगळ्या रोहिणीला ती माया वाटायची. सासूला कुणी बोल लावू नये, म्हणून तर ती ताईंशी खोटं बोलली होती.

घरी आली तर नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिनं पिशवीतून डबा काढला. "वैनी, एवढेच लाडू उरलेत, घ्या. आईनं दर महिन्याला दादाच्या हाती धाडले. अंगणवाडीची सुकडी तुपात भाजून कसले झ्याक करती. तुम्हाला तर रोजच मिळत असतील."

चुलीपुढं सासूचा हात थांबला. दारात उभा असलेला रोहिणीचा नवरा उगाच चपलेचा अंगठा चाचपू लागला.

रोहिणीनं लाडू फोडला. अर्धा तोंडात टाकून सावकाश चावला, पार गिळला. मग उरलेला अर्धा तिनं सासूच्या हातावर ठेवला.

"कडू नाही हो, आत्याबाई. उगाच म्हशीला घालत होतात."