रप्चर म्हणजे काय

गावात कुणाची बेंबी सरकली की पोट चोळून ती जागेवर आणायचं काम माझ्याकडे असतं. बायकोचं पोट दुखायला लागलं तेव्हा मीच चोळलं. "हळू दाबा हो," एवढंच ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात ती वारली.

आठ दिवसांनी मी दवाखान्याचा कागद लेकीपुढं ठेवला. महेश्वरी नर्सिंगला आहे; आईला ती अव्वा म्हणायची.

"डॉक्टर सारखं रप्चर रप्चर म्हणत होते. त्याचा अर्थ काय गं?"

"फुटणं, अप्पा. अव्वाचं अपेंडिक्स सुजलं होतं, ते आतच फुटलं."

"कशानं फुटतंय?"

"आपोआप बी फुटतंय."

"आन् दाबल्यावर?"

"तुमी आधी भाकर खाऊन घ्या. सकाळधरनं उपाशी हाव."

तेवढ्यात शेजारची शांताबाई सुनेला धरून दारात आली. "अप्पा, हिचं पोट लय दुखायलंय. बेंबी सरकली वाटतं, जरा बघा की."

मी सवयीनं उठलो. पण महेश्वरी माझ्याआधी दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, मावशी," ती म्हणाली. "अप्पाला हात लावू देऊ नका."