न नाचणारी मंडळी

“उत्तर काय आलं ते सांग. अशी तोंड पाडून बसू नकोस,” आत्या म्हणाली आणि स्पीकरच्या वायरीचा गुंता सोडवू लागली.

समोर तिची भाची वहीतले आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. ती संख्याशास्त्राची प्राध्यापिका. सरळ गोष्टीतही शंका काढते म्हणून घरात तिचं नाव शंकासूर. आत्या सत्तरीची, आणि सत्तरीच्याच लोकांना नाच शिकवणारी. वर्ग भरायचा सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि सोसायटीच्या अध्यक्षबाईंना तिथे बॅडमिंटन हवं होतं. “नाचामुळे म्हातारी माणसं पडायची थांबतात हे सिद्ध करा, वर्ग राहील,” असं त्यांनी बजावलं होतं.

आत्याला ते डाव्या हातचा मळ वाटलं होतं. “माझ्या वर्गातलं एक माणूस पडत नाही. झालं की सिद्ध!”

“असं नसतं गं. ज्याचे गुडघे धड, तोच नाचायला येतो. धड गुडघ्यांमुळेच तो पडतही नाही. श्रेय मात्र तू घेतेस.”

“मेली शंकासूर!” आत्या खो खो हसली होती.

मग भाचीने कंबर कसली. प्रत्येक नाचणाऱ्याच्या जोडीला तिने एक न नाचणारं माणूस शोधलं. तेच वय, तसेच गुडघे, तशीच नजर. जिने आणि निसरडी फरशीही सारखीच हवी, म्हणून जोड्या सोसायटीच्याच अंगणाभोवतीच्या इमारतींतून लावल्या. या युक्तीवर ती स्वतःच बेहद्द खूश होती.

वर्गाला जाता का, वर्षभरात किती वेळा पडलात, असं विचारत ती दारोदार फिरली, तेव्हा न नाचणारी मंडळी भलतीच फटकळ निघाली. “वर्गाला? माझं काय डोकं फिरलंय?” म्हणत एका आजींनी तिला भिंतीला सरकवलेल्या सोफ्यावर बसवलं. “केर काढायला बरं पडतं,” हे त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. हॉलसमोर पहिल्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर तर दारातच कडाडले, “या वयात उड्या मारणं शोभतं का? आणि रोज संध्याकाळी तो भोंगा!” बोलता बोलता त्यांना धाप लागली. म्हातारा फारच संतापलाय, असं भाचीला वाटलं.

“आत्या, फरक शून्य,” ती शेवटी म्हणाली. “तुझी माणसं पडत नाहीत, तशी तीही पडत नाहीत.”

आत्याचे हात थांबले. भाचीला रडू फुटायचंच बाकी होतं. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, तिच्याच वर्गावर आपण नांगर फिरवला!

“आकडे जरा इकडचे तिकडे करावेत, असंही मनात आलं होतं गं.”

“खबरदार!” आत्या म्हणाली आणि तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. “वर्ग गेला तर गेला. खोटं बोलून नाचायला मजा येत नाही.”

अध्यक्षबाई आल्या. भाचीने जे होतं ते सांगितलं. बाई काही दुष्ट नव्हत्या, त्यांनाही चुटपुट लागली. “पण मग उद्यापासून बॅडमिंटनचं जाळं बांधायला सांगते,” त्या म्हणाल्या.

“सांगा. आजचा वर्ग तरी धूमधडाक्यात होऊ दे,” आत्या म्हणाली.

गाणं सुरू झालं. शेवटचा दिवस म्हणून कुणी मुळूमुळू रडलं नाही, उलट सगळे दुप्पट जोराने नाचले. अध्यक्षबाईंचाही पाय ठेका धरू लागला. “गिरकी! उजवा पाय वर!” आत्याने आरोळी ठोकली, सगळ्यांनी पाय उचलला, तेवढ्यात तिला आठवण झाली.

“अगं, खिडक्या लाव! आज तरी हेडमास्तरांच्या कानांना सुख मिळू दे.”

भाचीने खिडक्या फटाफट लावल्या. थोड्याच वेळात हॉलचं दार धाडकन उघडलं. दारात हेडमास्तर उभे होते, पायांत नुसते मोजे, अंग घामाने निथळलेलं.

“खिडक्या कसल्या लावता?” ते गरजले. “वर माझ्या दिवाणखान्यात तुमच्या भाचीने निवडलेली सगळी मंडळी एक पाय उचलून ताटकळलीयत!”