हरकतीची मुदत

बेल वाजली आणि धाकटीच्या काळजात धस्स झालं. हरकतीची मुदत आज संध्याकाळी संपत होती. तिने दार उघडलं, तर समोर दादा. केस पार पिकलेले, बगलेत घडी केलेला पेपर.

वडील वारले तेव्हा तिने त्याला कळवलंही नव्हतं. ऐन तरुणपणी वडिलांशी भांडून, "या घराचं तोंड पाहणार नाही" म्हणत तो तावातावाने गेला, तो गेलाच. वडिलांचं दुखणंखुपणं हिने काढलं. त्यातच लग्नाचं वय निघून गेलं. डोक्यावर हे एवढं छप्पर उरलं होतं. त्याचे दोन भाग झाले तर घर विकावंच लागणार, मग तिने जायचं कुठे? म्हणून घर नावावर करून घेताना वकिलाने "आणखी कोणी वारस?" असं विचारल्यावर ती "कोणी नाही" म्हणून मोकळी झाली.

वकील मोठा बेरकी माणूस. "नोटीस द्यावीच लागेल, बाई," तो म्हणाला. "पण कायद्याला ती छापलेली लागते. कोणी वाचलीच पाहिजे असं कुठे आहे?" मग त्याने असा पेपर शोधून काढला, की जो वाण्याकडे पुड्या बांधण्यासाठीच जन्माला आला असावा. त्यात एका कोपऱ्यात नोटीस आली. मयतास एकुलती एक कन्या असून अन्य कोणाचा हक्क असल्यास मुदतीत कळवावे, न कळवल्यास तसा हक्क नाही असे समजण्यात येईल.

त्या दिवसापासून घर तिला खायला उठलं. वडिलांचं भूत असतं तर तिने चालवून घेतलं असतं, त्यांची सवय होती. पण घरात वावरत होता तो जिवंत माणूस. भांडी घासताना पाठीमागे कोणी शीळ घालायचं. जिन्यात पावलं वाजायची आणि दारापाशी येऊन थांबायची. आरशासमोर उभं राहिलं की स्वतःच्या चेहऱ्यात त्याचं नाक दिसायचं. हाडामांसाच्या भावाला आपण दोन शब्दांत पुसून टाकलं, हे तिला घास गिळू देत नव्हतं.

आता तोच भाऊ समोर खुर्चीत बसला होता. त्याने पेपर टेबलावर ठेवला. नोटिशीचं पान वर होतं.

"हा पेपर तुला मिळाला कुठे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पोस्टाने मागवतो. यात बातम्या नसतातच, नुसत्या नोटिसा. मला तेवढंच लागतं."

"म्हणजे हिस्सा मागायला टपूनच बसला होतास!" तिचा आवाज चिरकला.

दादाने नकारार्थी मान हलवली. "रोज सकाळी आधी हे पान उघडायचो. बाबांचं नाव नसलं की जीव भांड्यात पडायचा. म्हणायचो, आहेत अजून. येत्या रविवारी जाऊ घरी."

धाकटीला रडू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला.

"घर तुझंच आहे. राबलीस तू," तो म्हणाला. "एक कोरा कागद दे. माझी हरकत नाही असं लिहून देतो, वकिलाला दाखव."

तिने कागद पुढे सरकवला. त्याने खिशातून चष्मा काढला आणि शाळकरी पोरासारखं पुटपुटत लिहायला सुरुवात केली, "मी, खाली सही करणार, मयताचा..."

पेन थांबलं. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"मयताचा कोण म्हणून लिहू, छोटे?"