टॉवरची सावली

दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली हाय टेन्शन लाइन चालू करायच्या आधी माणसं खाली उतरलीत का, हे फोरमन शांताराम वर बघून ठरवत नसे. संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. कैनाड गावच्या कापलेल्या भातशेतात टॉवरची सावली लांब पडते. तिच्यात माणूस दिसेनासा झाला, की तो सबस्टेशनला कळवायचा. त्याच्या हाताखाली आजवर कोणी दगावलं नव्हतं.

आज सावलीत माणूस होता. अगदी वर, सेफ्टी बेल्टवर रेलून तो काम करत होता.

शांतारामने कपाळावर हात धरून वर पाहिलं. टॉवर रिकामा होता. त्याची सगळी माणसं जीपजवळच होती. ललित दोर गुंडाळत होता, नविन बाटलीने पाणी पीत होता.

बाकीच्यांच्या सावल्या शेतात लांबवर गेल्या होत्या. नविनच्या पायाशी काहीच नव्हतं.

"नविन, तू... उतरलास ना रे?"

"म्हणजे काय काका? हा काय समोर उभा!"

बॉनेटवरचा फोन वाजला. शांताराम अजून नविनच्या पायांकडेच बघत होता. घरी जायच्या घाईत नविननेच फोन घेतला.

"हो साहेब, सगळे उतरलो. द्या लाइन."

"नको!" शांताराम ओरडला, पण फोन बंद झाला होता.

तारा गुणगुणू लागल्या. सावलीतल्या माणसाला जोराचा झटका बसला आणि तो बेल्टला तसाच लोंबकळत राहिला.

नविनने बाटलीला झाकण लावलं आणि नाक वर करून हुंगलं.

"काका, कसला तरी करपट वास येतोय का हो?"