ताईची पसंती

सांगलीच्या दुकानात वडील कौतुकानं सांगत होते, "आमच्या जुईला अ‍ॅनिमेशनला प्रवेश मिळालाय. लॅपटॉप उत्तम दाखवा. रंग खरे दिसले पाहिजेत."

मोठी बहीण हेमांगी शेजारी उभी राहून ऐकत होती. बारावीनंतर तिलाही चित्रकलाच शिकायची होती, पण "चित्रांनी पोट भरतं का?" म्हणत याच वडिलांनी तिचं एकही चित्र न बघता तिला कॉमर्सला घातलं होतं. आता बँकेत कॉम्प्युटर हाताळते म्हणून निवड तिच्यावर सोपवली होती.

तिनं मुद्दाम फिक्या स्क्रीनच्या स्वस्त लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "हा पुरे. शिकणारीला एवढं कशाला?"

"तू म्हणशील तो, ताई," जुई लगेच म्हणाली. हेमांगीला तिचा हा विश्वासही सोसेना.

दुकानदारानं दुसरा, महागडा लॅपटॉप उघडून जुईपुढे पेन धरलं. "स्क्रीनवर काढून तर बघा." जुईनं ते ताईच्या हातात दिलं. "आधी तू. मी तुझं बघूनच शिकलेय."

हेमांगीनं एक रेघ ओढली, मग तिचा हात थांबेचना. काउंटरवर वाकून किमती विचारणारे वडील स्क्रीनवर उमटले, नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट.

वडिलांनी वळून पाहिलं. "अरे वा! छान काढलंस, जुई."

"मी नाही, ताईनं काढलंय."

"हिनं?" वडील खरंच चकित झाले. "हेमा, तू अशी चित्रं काढायचीस?"

हेमांगीनं पेन खाली ठेवलं. "हाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. जुईचा हेवा अजून वाटत होताच. पण घरात तिची चित्रं पाहिलेलं माणूस तेवढं एकच होतं. तिनं जुईचा हात धरला.